एकच अर्थ, दोन वाक्यरचना

एखादी गोष्ट दोन प्रकारांनीं सांगतां येते आणि दोन्ही प्रकारांचा अर्थ एकच असतो, तेव्हां त्यांपैकीं कोणता प्रकार पत्करावा? हा प्रश्न वरवर पाहतां क्षुल्लक वाटतो. "सव्वा तीन वाजले" म्हटलें काय, किंवा "तीन वाजून पंधरा मिनिटें झालीं" म्हटलें काय, घड्याळाचे कांटे आपल्या जागेवरून हलत नाहींत. परंतु हाच प्रश्न शाळेच्या पाठ्यपुस्तकांत, सरकारी दप्तरांत किंवा संगणकाला काम सांगण्याच्या भाषेंत उभा राहिला, म्हणजे चांगलीं जाणतीं माणसेंहि हातघाईवर येतात. त्यांत केवळ हट्ट असतो असें समजणें बरोबर होणार नाहीं. जी रचना रूढ होते, तिच्यामुळें कोणाला तरी विद्येची वाट सुगम होते आणि कोणाला तरी ती दुर्गम होते. म्हणूनच ह्या निवडीचा विचार शांतपणें करणें अगत्याचें आहे. आणि त्यासाठीं संगणकाच्या एका विशिष्ट जातीच्या भाषांचें उदाहरण फार उपयोगी पडतें.

संगणकाच्या भाषांचे स्थूलमानानें दोन वर्ग करतां येतील. पहिल्या वर्गांतील भाषांत संगणकाला एकामागून एक हुकूम द्यावयाचे असतात : हें कर, मग तें कर, ही रक्कम पुसून तेथें ती लिही. दुसऱ्या वर्गांतील भाषांना 'फंक्शनल' भाषा म्हणतात. फंक्शन हा शब्द गणितांतला आहे. एक वस्तु आंत घालावी आणि ठरलेल्या नियमानें दुसरी बाहेर यावी. तीच वस्तु पुन्हां घातली तर तेंच उत्तर पुन्हां मिळावें. असा जो संबंध, त्याला फंक्शन म्हणावयाचें. ह्या भाषांत लहान लहान फंक्शनें एकमेकांस जोडून मोठें काम साधलें जातें. लिस्प, एम्. एल्., हॅस्केल, ओकॅमल हीं ह्या वर्गांतील कांहीं प्रसिद्ध नांवें होत.

हें उदाहरणानें स्पष्ट होईल. कोल्हापूर जिल्ह्यांतील मलकापूरच्या बाजारपेठेंत एखादा किराणा दुकानदार आहे, अशी कल्पना करावी. त्याच्या वहींत रोखीच्या आणि उधारीच्या नोंदी मिसळलेल्या आहेत, आणि एकूण उधारी किती थकली आहे एवढेंच त्याला पाहिजे आहे. हें काम तीन पायऱ्यांचें आहे. प्रथम उधारीच्या तेवढ्या नोंदी निवडावयाच्या; नंतर त्या प्रत्येक नोंदींतील रक्कम घ्यावयाची; आणि शेवटीं त्या रकमांची बेरीज करावयाची. निवड, रकमा आणि बेरीज अशीं हीं तीन फंक्शनें झालीं.

आतां हीं जोडावयाचीं कशीं? गणिताची परंपरागत रीत अशी कीं, प्रथम 'बेरीज' लिहावें, त्यापुढें कंस करून आंत 'रकमा' लिहावें, त्याच्या आंत आणखी कंस करून 'निवड' लिहावें, आणि सर्वांत आंतल्या कंसांत 'वही' ठेवावी. डावीकडून उजवीकडे वाचणाऱ्यास बेरीज सर्वांच्या आधीं भेटते, परंतु प्रत्यक्षांत ती घडते सर्वांच्या शेवटीं. दुसरी रीत नळाची. प्रथम 'वही' लिहावी, मग एक खूण, मग 'निवड', पुन्हां खूण, मग 'रकमा', पुन्हां खूण, आणि शेवटीं 'बेरीज'. अलीकडे जें तयार झालें तें पलीकडे सोडावें, एवढाच त्या खुणेचा अर्थ. दोन्ही लेखनांतून संगणक एकच उत्तर काढतो. त्याला ह्या दोहोंत कांहीं डावें-उजवें नाहीं. डावें-उजवें असलेंच तर तें वाचणाऱ्या माणसाला आहे.

येथें मराठी वाचकाच्या दृष्टीनें एक मौजेची गोष्ट आढळते. हेंच काम साध्या मराठींत सांगावयाचें तर आपण म्हणतों, "वहींतील उधारीच्या नोंदींच्या रकमांची बेरीज". वही आधीं, बेरीज शेवटीं. आपले विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययें नामाच्या मागून येतात. त्यामुळें आपलें बोलणें वस्तूपासून निघून क्रियेपाशीं पोंचतें. इंग्रजींत हेंच वाक्य नेमकें उलट चालतें : बेरीज प्रथम, मग रकमा, मग नोंदी, आणि वही सर्वांच्या शेवटीं. फंक्शनचें नांव आधीं व राशि मागून लिहिण्याची खूण ऑयलर ह्या गणितज्ञानें १७३४ सालीं वापरली आणि पुढें ती सर्वत्र पसरली. ती इंग्रजीसारख्या भाषेच्या वळणाशीं जुळते, मराठीच्या वळणाशीं जुळत नाहीं. म्हणजे कंसांत कंस पाहून मराठी मुलगा गोंधळला, तर तो त्याच्या बुद्धीचा दोष मानण्याचें कारण नाहीं. त्याची जीभ ज्या क्रमाला लहानपणापासून सरावली, त्याच्या उलट क्रमानें त्याला वाचावें लागत असतें. बीजगणितावर लिहिणाऱ्या कांहीं युरोपीय पंडितांनींहि राशि आधीं व फंक्शन मागून लिहिण्याचा प्रघात आपल्या ग्रंथांत पाळला आहे, हें ह्या संबंधांत ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

नळाच्या खुणेचा इतिहासहि मोठा नाहीं. एका प्रोग्रॅममधून निघालेला मजकूर दुसऱ्या प्रोग्रॅममध्यें सोडण्याची सोय डग्लस मॅकिलरॉय ह्यांच्या सूचनेवरून युनिक्स ह्या व्यवस्थेंत १९७३ सालीं आली. फंक्शनल भाषांच्या वर्तुळांत तशा अर्थाची खूण सिद्धान्त पडताळण्याच्या 'इसाबेल' ह्या साधनावर काम करणाऱ्या मंडळींनीं १९९४ सालीं वापरली. पुढें 'एफ्-शार्प' ह्या भाषेनें ती लोकप्रिय केली. २०१३ सालीं ओकॅमलच्या आणि २०१५ सालीं हॅस्केलच्या मूळ ग्रंथालयांत तिला, म्हणजे तिच्या भावंडाला, जागा मिळाली. मात्र येथेंहि एकवाक्यता नाहींच. फंक्शनला दोन-तीन राशि लागत असल्या, तर नळांतून आलेली राशि एलिक्सिर ही भाषा पहिल्या जागीं बसविते आणि एफ्-शार्प शेवटच्या जागीं. खूण एक, पण रिवाज दोन.

तर मग जुनी रीत टाकून नळाचीच रीत सर्वांनीं उचलावी काय? इतक्या घाईनें निर्णय करतां येत नाहीं. कोल्हापुराहून रत्नागिरीस जाणारा रस्ता मलकापुरावरून पुढें जाऊन आंबा घाट उतरतो. जो गाडी हांकणार, त्याला प्रथम मलकापूर, मग आंबा, मग घाट आणि शेवटीं रत्नागिरी हाच क्रम कामाचा. परंतु थांब्यावर उभा असलेला उतारू "ही गाडी कोठली?" असें विचारतो, तेव्हां त्याला रत्नागिरी हें नांव आधीं ऐकावयाचें असतें, वाटेंतील गांवें त्याला मागून कळलीं तरी चालतात. प्रोग्रॅम वाचणारांतहि हे दोन्ही प्रकार असतात. काम कसें घडतें हें पायरीपायरीनें ज्याला तपासावयाचें आहे, त्याला नळाची रीत सोयीची. एकंदर हें कशाबद्दल आहे, म्हणजे बेरीज काढली आहे कीं सरासरी, हें ज्याला एका दृष्टिक्षेपांत पाहावयाचें आहे, त्याला जुनी रीत सोयीची. शिवाय दोन फंक्शनें जोडून तिसरें बनविण्याचे आणि एका पदाच्या जागीं समान पद ठेवण्याचे जे गणिती नियम आहेत, ते जुन्या लेखनांत पिढ्यान्पिढ्या घोटलेले आहेत. म्हणून क्रम निवडतांना, वाचणारा गाडी हांकणारा आहे कीं उतारू आहे, हें आधीं ठरविलें पाहिजे.

ह्याच जातीचा दुसरा वाद हॅस्केल भाषेच्या जन्मकाळीं झाला. अमेरिकेंतील पोर्टलंड येथें १९८७ सालीं भरलेल्या परिषदेच्या वेळीं जमलेल्या विद्वानांनीं एक सामाईक भाषा करण्याचें ठरविलें आणि १९९० सालीं तिचें पहिलें वृत्त प्रसिद्ध झालें. एखाद्या मधल्या राशीला नांव द्यावयाचें झालें तर तें आधीं द्यावें कीं मागून, हा त्यांच्यापुढील एक प्रश्न होता. मराठी मुलांना दोन्ही तऱ्हा परिचित आहेत. भूमितींत आपण "समजा, क्ष म्हणजे त्रिकोणाचा पाया; तर..." असें आरंभींच सांगतों. सूत्र देतांना मात्र आधीं सूत्र लिहून "येथें प म्हणजे पाया आणि उ म्हणजे उंची" असें मागून सांगतों. पहिल्या तऱ्हेंत वाचणारा सर्व सामान घेऊन निघतो. दुसरींत मुख्य गोष्ट आधीं कळते आणि तपशील जरूर तर पाहतां येतो. हॅस्केलच्या मंडळींत दोन्ही तऱ्हांचे पक्षपाती होते. शेवटीं दोन्ही ठेवाव्या असें ठरलें. आणि नांवें देण्याच्या बाबतींतच नव्हे, तर अटी सांगण्याच्या व प्रकार पाडण्याच्या बाबतींतहि जोडीजोडीनें दोन रचना भाषेंत आल्या. त्या मंडळींपैकींच एक, फिलिप वॅड्लर, ह्यांनीं थट्टेनें एक नियम सांगितला आहे. त्याचा आशय असा कीं, भाषेच्या अर्थाकडून वाक्यरचनेकडे, वाक्यरचनेकडून चिन्हांकडे आणि चिन्हांकडून टिपा लिहिण्याच्या चिन्हांकडे जसजसें खालीं उतरावें, तसतसा वादाचा आवेश दर पायरीस दुप्पट होतो! थट्टा खरी, पण अनुभवाची आहे. अर्थावर बोलण्यास अभ्यास लागतो. चिन्हावर बोलण्यास नुसती संवय पुरते.

आपल्याकडेहि असाच वाद अगदीं घराघरांत झाला, तो २०१९ सालीं. त्या वर्षीं बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकांत 'सत्तावीस' ह्याच्या जोडीला 'वीस सात' अशी संख्यावाचनाची रीत देण्यांत आली. गणित विषयाच्या समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर ह्या होत्या. आपण संख्या लिहितों तेव्हां दोन आधीं व सात मागून. बोलतों तेव्हां सात आधीं व वीस मागून. त्यांत 'त्र्याण्णव', 'अठ्ठ्याण्णव' अशीं जोडाक्षरें, आणि 'एकोणतीस' म्हणजे तिसांत एक उणा, ही तिसरीच तऱ्हा. जिल्ह्याच्या सीमेपलीकडे कानडी मुलगा 'इप्पत्तेळु' म्हणतो, त्यांत वीस आधीं येतात व सात मागून, म्हणजे बोलण्याचा आणि लिहिण्याचा क्रम एकच. नव्या रीतीच्या बाजूचें म्हणणें असें कीं, ज्या वयांत मूल दशक आणि एकक ओळखावयास शिकतें, त्या वयांत हा उलटा क्रम त्याच्या वाटेंतला धोंडा होतो. विरुद्ध बाजूचें म्हणणें असें कीं, भाषेचें शेंकडों वर्षांचें धन मुलाच्या हातून निसटेल. प्रकरण विधानसभेपर्यंत गेलें आणि त्यावर पुष्कळ विनोदहि झाले. वस्तुतः पुस्तकांत जुनी नांवें काढून टाकलेलीं नव्हतीं. दोन रचना शेजारीं शेजारीं ठेविल्या होत्या. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यांत तथ्य आहे. 'वीस सात' ह्या पायरीनें मुलाला संख्येची घडण दिसते, हें खरें. आणि दुकानदार "त्र्याण्णव रुपये झाले" म्हणाला तर मुलाला तें समजलेंच पाहिजे, हेंहि तितकेंच खरें. शिकण्याची रचना आणि व्यवहाराची रचना भिन्न असूं शकतात. मात्र पहिलीवरून दुसरीवर जाण्याचा पूल बांधून देणें हें शिकविणाराचें काम आहे.

असाच एक पूल पुणें विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागांत बांधण्याचा यत्न झाला होता. १९९० नंतरच्या दशकांत तेथें 'गोफर' ह्या, हॅस्केलच्या जवळच्या, भाषेच्या साहाय्यानें प्रोग्रॅम-लेखन शिकविलें जात असे. ह्या भाषांत फंक्शन आणि राशि नुसतीं शेजारीं लिहितात. मध्यें कंस नाहीं, खूण नाहीं. 'दुप्पट पांच' लिहिलें कीं दहा. परंतु 'दुप्पट पांच अधिक एक' लिहिलें तर अकरा कीं बारा? भाषेच्या नियमानें अकरा, कारण शेजारचें नातें इतर सर्व चिन्हांहून घट्ट मानलेलें आहे. हा नियम जाणत्याला सोपा. नवशिक्याला मात्र तो दिसतच नाहीं, कारण जें सर्वांत महत्त्वाचें तेंच कागदावर कोरें आहे. म्हणून पुण्याच्या त्या सुधारून घेतलेल्या आवृत्तींत, डच संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा ह्यांच्या लेखनपद्धतीस अनुसरून, फंक्शन व राशि ह्यांच्या मध्यें एक ठळक टिंब देण्याची रीत स्वीकारण्यांत आली. अदृश्य क्रियेला दृश्य खूण मिळाली. ह्या आवृत्तीला 'प्यूगोफर' असें नांव पडलें. लाभ उघड आहे. परंतु मोल द्यावें लागलें तेंहि उघड आहे. मूळ गोफरमध्यें आणि हॅस्केलमध्यें टिंबाला दुसराच अर्थ आहे : दोन फंक्शनें जोडून तिसरें करणें. पुण्याचा विद्यार्थी पुढें जगांतलें हॅस्केलचें पुस्तक उघडील, तेव्हां ओळखीचें टिंब त्याला अनोळखी अर्थानें भेटेल.

वाक्यरचनेच्या निवडीनें खरोखर काय पणाला लागतें, हें ह्यावरून ध्यानांत येतें. अमेरिकेंत २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत अगदीं नवशिक्या माणसांना तीन भाषा देऊन पाहण्यांत आल्या. त्यांपैकीं एकीचीं बरींच चिन्हें मुद्दाम चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें वाटेल तशीं निवडलेलीं होतीं. जगांत रूढ असलेल्या पर्ल ह्या भाषेंत नवशिक्यांची अचूकता ह्या वाटेल तशा भाषेहून लक्षांत येण्याइतकी अधिक आढळली नाहीं. त्या जुळणीच्या विचारपूर्वक आंखलेल्या तिसऱ्या भाषेंत मात्र ती अधिक आढळली. जाणत्यांना जें स्वाभाविक वाटतें, तें बहुधा त्यांच्या संवयीचें असतें. नवशिका मात्र चिन्हाला अडखळतो आणि "आपल्याला हा विषयच जमणार नाहीं" असा ग्रह करून घेतो. अर्थापर्यंत पोंचण्यापूर्वीं दारांतूनच परत गेलेल्या अशा विद्यार्थ्यांची गणती कोठेंहि होत नाहीं.

दुसऱ्या बाजूस, रचना वारंवार बदलण्याचा धोकाहि लहान नाहीं. त्याचा पुरावा मलकापुरांतच शोधावा. विशाळगडच्या पंतप्रतिनिधींच्या जहागिरीचें हें ठाणें. त्या काळीं मराठी कारभाराची लिपि मोडी होती. हात न उचलतां भराभर लिहितां येत असल्यामुळें कारकुनाला ती फार सोयीची; परंतु ऱ्हस्व-दीर्घाचा भेद ती पाळीत नाहीं, आणि छापखान्याला व वाचकाला बाळबोध अधिक सोयीची. निवड बाळबोधीच्या बाजूनें झाली, ती सकारणच झाली. पुढें १९५० च्या सुमारास शाळांतूनहि मोडी गेली. परिणाम असा कीं, कोल्हापूरच्या पुराभिलेखागारांतील असंख्य कागद आज मराठींतच असूनहि सामान्य सुशिक्षित मराठी माणसाला वाचतां येत नाहींत; त्यासाठीं मोडी-वाचक गांठावा लागतो. भाषा तीच, अर्थ तोच, परंतु रचनेचें दार बंद झालें.

संगणकाच्या भाषांत असेंच एक उदाहरण नुकतें घडलें. ओकॅमल ही जुनी व कसदार भाषा. तिचाच अर्थ कायम ठेवून, जावास्क्रिप्ट लिहिणारांच्या ओळखीचा पेहराव तिला चढवावा, ह्या हेतूनें फेसबुकमध्यें 'रीझन' ही पर्यायी वाक्यरचना तयार होऊन २०१६ सालीं प्रसिद्ध झाली. एका रचनेंतील मजकूर दुसरींत आपोआप उतरविण्याचें साधनहि होतें. म्हणजे मोडी कागदाची अडचण येथें नव्हती. तरीहि २०२० सालीं त्यांतून 'रीस्क्रिप्ट' ही निराळी रचना व निराळें नांव घेऊन एक शाखा वेगळी झाली. मजकूर यंत्रानें उतरवितां येतो. परंतु पुस्तकें, सरावाचीं उदाहरणें आणि एकमेकांस विचारण्याची संवय हीं यंत्रानें उतरत नाहींत. लहान समाजाचे आणखी दोन लहान समाज झाले, म्हणजे प्रत्येकाला मदत करणारे हात कमी होतात.

तात्पर्य, दोन रचनांपैकीं एक निवडतांना तीन गोष्टी तपासाव्या. पहिली ही कीं, वाचणारा कोण आहे? लिहिणारा एकदांच लिहितो, वाचणारे पुष्कळ वेळां वाचतात; म्हणून लिहिणाराच्या सोयीपेक्षां वाचणाराच्या सोयीला अधिक मान द्यावा. दुसरी ही कीं, ती रचना आंतली घडण दाखविते कीं झांकते? 'वीस सात' ह्यांत आणि पुण्याच्या टिंबांत घडण दिसते, हें त्यांचें बळ आहे. तिसरी ही कीं, पूर्वीं लिहून ठेविलेल्या आणि इतरत्र लिहिल्या जाणाऱ्या मजकुरापर्यंत तेथून पूल आहे कीं नाहीं? नसल्यास तो आधीं बांधावा आणि मगच नव्या वाटेला लोकांना न्यावें.

ह्या तिन्ही कसोट्या लावूनहि कांहीं वेळां दोन्ही पारडीं सारखीं राहतात. अशा वेळीं एक कोणती तरी रचना पत्करून ती शेवटपर्यंत पाळणें, हेंच श्रेयस्कर. एकाच पानावर अर्धी ओळ नळाची आणि अर्धी कंसांची लिहिणारा मनुष्य दोन्ही रीतींचे दोष पदरीं घेतो आणि लाभ एकीचाहि मिळवीत नाहीं. मात्र जी रीत आपण टाकली, ती वाचावयास तरी शिकून ठेवावी. मोडीचे वर्ग आजहि चालतात आणि त्यांतून शिकून गेलेला एखादा तरुण बंद दप्तर उघडून आपल्या गांवाचा कागद वाचूं लागतो. त्या विद्येचें महत्त्व लिहिण्यापुरतें संपलें असेल, वाचण्यापुरतें अद्याप संपलेलें नाहीं. ज्या घरांत मुलगा संगणकाची विद्या शिकत आहे, त्या घरांतील वडील माणसांनीं त्याला एवढेंच सांगावें : लिहिण्यासाठीं एक रीत पक्की कर, आणि वाचण्यासाठीं दुसरीहि ओळखीची ठेव.